तेलनळ्यांच्या जोडण्या, मोटारसायकलीच्या

मोटारसायकलीच्या एंजिनात वंगण तेल टाकीतून पंपाकडे, पंपातून धारवे व झडपांच्या यंत्रणेकडे आणि तेथून परत टाकीकडे नेणाऱ्या नळ्यांना तेलनळ्या म्हणतात. नळी मध्येच क्वचित फुटते. तेल गळते ते बहुधा तिच्या टोकाशी, जोडणीपाशी. ही गळती दोन प्रकारे घातक ठरते. तेल संपल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकून एंजिन जाम होते आणि तेल मागील टायरवर पडल्यास गाडी वळणावर घसरते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. चालकाने काही मैलांच्या अंतराने हातपंप दाबून एंजिनात तेल सोडावयाचे व ते जळून किंवा गळून जावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. पंपाने तेल सतत फिरते ठेवण्याची पद्धत रूढ झाल्यावर मात्र नळ्या वाढल्या आणि एका सिलिंडराच्या एंजिनाचे हादरे प्रत्येक जोडणीला बसू लागले. यावर मिळालेल्या उपायांपैकी बँजो ही जोडणी अजून टिकून आहे. तीत नळीच्या टोकाला चपटे कडे असते, त्यातून पोकळ बोल्ट जातो व कड्याच्या दोन्ही अंगांस तांब्याचे वॉशर बसतात. वाद्याशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. तांबे दाबाने कठीण होत असल्याने जुने वॉशर लाल होईपर्यंत तापवून मऊ केल्याविना पुन्हा वापरू नयेत. हे काम दोन मिनिटांचे असले, तरी बहुतेक वेळा टाळले जाते.

रबरी नळीच्या जोडणीस निर्णायक वळण १९२१ साली मिळाले. ब्रिटिश नौदलातील कमांडर लमली रॉबिन्सन यांनी मळसूत्राने आवळता येणाऱ्या पट्टीच्या क्लिपचे पेटंट त्या वर्षी घेतले व ती ‘ज्युबिली क्लिप’ या नावाने जगभर पसरली. तथापि नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व मऊ पडते. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले, तेव्हाच रबरी तेलनळी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली.

भारतात हा विषय दीर्घकाळ मुख्यतः बुलेट या एकाच गाडीशी निगडित राहिला. १९५५ पासून मद्रास येथे या गाडीच्या उत्पादनास प्रारंभ झाला. तिची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच होती. परंतु झडपांच्या यंत्रणेस तेल पोचविणाऱ्या नळ्या एंजिनाच्या बाहेरून जात व बँजो जोडण्यांनी बसविलेल्या असत. १९६० नंतर आलेल्या जावा व राजदूत या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळले जाई, त्यामुळे त्यांच्या एंजिनांना अशा नळ्यांची गरज नव्हती. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये तेलाचे मार्ग एंजिनाच्या ओतीव भागांतूनच काढलेले होते.

जोडणीचे सुटे भाग बहुधा पितळेचे वा पोलादाचे असतात. पितळेच्या संदर्भात भंडारा जिल्ह्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे; स्टेनलेस स्टीलच्या प्रसारानंतर हा धंदा घटला. भांड्याचे पितळ ठोकून आकार घेणारे असावे लागते. त्यात तांबे सु. ६३ ते ७० टक्के असते. युनियन व निपल लेथवर कातून करतात, म्हणून त्यांच्या पितळेत सु. ३ टक्के शिसे घालतात. शिशामुळे कातण तुटक निघते व आटे स्वच्छ उतरतात. पण असे पितळ थंड स्थितीत ठोकल्यास तडकते. यामुळे पितळेची परंपरा असूनही भंडाऱ्याचा कारागीर या भागांकडे सहज वळू शकला नसता. देशात कातीव पितळी भागांचे मोठे केंद्र झाले ते गुजरातेतील जामनगर. मोडीचे पितळ ओतून केलेल्या भागांत सूक्ष्म पोकळ्या राहण्याचा संभव असल्याने ते तेलनळीस वापरू नयेत.

निवड करताना प्रथम नळीतील दाब पाहावा. टाकीकडे परतणाऱ्या, अल्प दाबाच्या नळीस क्लिप पुरते. पंपाच्या दाबाखालील नळीस यंत्राने दाबून बसविलेली टोके व आट्यांची जोडणीच हवी. तेथे क्लिप वापरणे धोक्याचे आहे. पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीची जोडणी सैल असल्यास तेल बाहेर न येता हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून तो दोष डोळ्यांना दिसत नाही. बारीक नळीवर छिद्रांची पट्टी असलेली क्लिप रबर कापते. तेथे अखंड पट्टीची, कडा वळविलेली क्लिप घ्यावी व ती तोटीच्या उंचवट्याच्या आतील बाजूस बसवावी. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५°, तर मेट्रिक आट्यांचा ६०° असतो. एकाचा बोल्ट दुसऱ्यात एकदोन फेरे जातो आणि मग जोराने फिरविल्यास ॲल्युमिनियमाचे आटे कायमचे खराब होतात. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. अशा वेळी धूरनळीलगतची रबरी नळी लवकर कडक होते व आवळलेली क्लिप आपोआप सैल पडते.

बुलेटच्या एंजिनाची २००९ च्या सुमारास नवी रचना होऊन बाहेरील नळ्या गेल्या. दुसरीकडे, २००७ साली बजाज ऑटोच्या पल्सर मालिकेतील मोठ्या एंजिनांना तेल थंड करणारा शीतक जोडण्यात आला आणि दाबाखालील तेलनळी एंजिनाबाहेर पुन्हा दिसू लागली.