‘ब्लॅकमेल’मध्ये टपाल नाही

मराठ्यांच्या चौथाईबद्दल इंग्रजी इतिहास वाचताना कधीतरी ‘ब्लॅकमेल’ हा शब्द भेटतो आणि आपण अडखळतो. इथे कुणाचं गुपित फुटणार होतं? शब्द फोडून पाहावा, तर हाती येते ‘काळी टपाल’!

अशा वेळी जोडशब्द क्षणभर बाजूला ठेवून भोवतालची वाक्यं वाचावीत. कोण देतंय, काय देतंय आणि कशाच्या बदल्यात? उत्तरं तिथेच असतात. मुलूख दुसऱ्याचा, मागणी महसुलाच्या चौथ्या हिश्श्याची, आणि ती पुरी झाली की मराठी फौज त्या मुलखाला हात लावणार नाही. म्हणजे हल्ला टाळण्यासाठी मोजलेला पैसा.

शब्दाचा मूळ अर्थही हाच. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर टोळ्या गुरं पळवत, घरं जाळत. लोक त्यांना ठरावीक वसुली देऊन जीव वाचवत. तिथल्या बोलीत ‘मेल’ म्हणजे खंड किंवा भाडं. टपालाचा ‘मेल’ वेगळा. १६०१ साली इंग्लंडच्या संसदेने उत्तरेकडच्या चार परगण्यांपुरता कायदा करून ही वसुली गुन्हा ठरवली. त्यात पैशाबरोबर धान्य आणि गुरंही मोजली होती. गुपित फोडण्याच्या धमकीचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’ (१८१४) या कादंबरीत तर इंग्रज नायकालाच हा शब्द ठाऊक नसतो. त्याला सांगितलं जातं, की पैसे घेणारा सरदार स्वतः त्रास देत नाही आणि इतरांनाही देऊ देत नाही.

‘इतरांनाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडचा वाद नेमका त्यावरच झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००च्या ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’मध्ये चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: पैसा घ्या, संरक्षण द्या. जदुनाथ सरकारांना ते पटलं नाही. चौथाई देऊन फक्त मराठ्यांपासून सुटका व्हायची, तिसऱ्या शत्रूपासून रक्षणाची हमी नव्हती, असं त्यांनी १९१९च्या शिवचरित्रात मांडलं.

वसुली तीच, पण एकाला ती कराराची रक्कम वाटली, दुसऱ्याला लूट टाळण्याची किंमत. म्हणून इतिहासात ‘ब्लॅकमेल’ दिसलं, की अर्थ लागल्यावरही थोडं थांबावं. कशाच्या बदल्यात, या प्रश्नाचं लेखकाने दिलेलं उत्तर पाहावं. त्याची बाजू तिथे कळते.