दुभाष्याच्या तोंडचे राजकारण

तांबरमला बदलून आलेल्या मराठी घरांतून मे-जूनच्या सुमारास एकच चर्चा ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी बारावी झालेली असते, कॉलेजप्रवेशाचे अर्ज भरावयाचे असतात, आणि अर्जातील एका रकान्यापाशी लेखणी थबकते. मद्रास विद्यापीठाच्या परंपरेप्रमाणे पदवीच्या अभ्यासाचे भाग पडतात. पहिल्या भागात एक भाषा, दुसऱ्यात इंग्रजी आणि तिसऱ्यात मुख्य विषय. ती पहिली भाषा कोणती घ्यावी? तमिळ घ्यावी तर मूल सातवीपर्यंत नागपुरास आणि पुढे भोपाळास शिकलेले. मराठीची सोय नसते. मग शेजारचे कोणी अनुभवी गृहस्थ सांगतात, "फ्रेंच घ्या, गुण चांगले पडतात." अशा रीतीने फ्रेंच भाषा आमच्या मंडळींच्या घरी येते ती गुणपत्रिकेचे बोट धरून.

आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येने दोन वर्षांपूर्वी असेच केले. मुख्य विषय राज्यशास्त्र, पहिली भाषा फ्रेंच. स्नेही रेल्वेत अधिकारी असून नोंदीच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. एका संध्याकाळी चहा घेता घेता त्यांनी आम्हांस विचारले, "फ्रेंच गुणांसाठी घेतली हे समजले, राज्यशास्त्र स्पर्धापरीक्षेसाठी घेतले हेही समजले. पण या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे का हो?" आम्ही म्हणालो, आहे, आणि आपणां मराठी लोकांच्या बाबतीत तर तो बराच जुना आहे. चहा संपला तरी उत्तर संपले नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडीत आहोत.

तांबरम हे गाव या विषयास विलक्षण सोयीचे आहे. मद्रासच्या किनाऱ्यापासून येथवर विजेची गाडी १९३१ साली धावू लागली, आणि १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहराची गजबज सोडून येथल्या सेलैयूरच्या रानात येऊन वसले. गाडीने शहराकडे निघाले म्हणजे प्रथम सेंट थॉमसची टेकडी लागते. तेथे फेब्रुवारी १७५९ मध्ये लालीच्या फ्रेंच सैन्याची आणि इंग्रजांची लढाई जुंपली होती. पुढे अड्यार नदी लागते. तिच्या काठी १७४६ साली फ्रेंचांच्या लहानशा पलटणीने अर्काटच्या नबाबाच्या फौजेची दाणादाण उडविली. त्याच वर्षी खुद्द मद्रास फ्रेंचांनी जिंकले होते, आणि ते इंग्रजांस परत मिळेपर्यंत १७४९ साल उजाडले. उलट दिशेस, दक्षिणेकडे, चेंगलपेटवरून जाणारा हमरस्ता तिंडिवनमला पोहोचतो, आणि तेथे त्याला दोन फाटे फुटतात. डावा पाँडिचेरीस जातो, उजवा जिंजीस.

या दोन फाट्यांवर आम्हांस थोडे रेंगाळू द्यावे. पाँडिचेरीची फ्रेंच वसाहत १६७४ साली फ्रान्स्वा मार्टिन याने उभी केली. पुढे तीनच वर्षांनी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर आले, जिंजी त्यांनी घेतली, आणि ज्या शेरखान लोदीच्या आश्रयाने फ्रेंच येथे राहिले होते त्याचा मोड केला. मार्टिनच्या पोटात गोळा उठला. त्याने जर्मेन नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठविला, आणि वसाहतीस धक्का लागणार नाही असे अभय मिळविले. जर्मेनने छावणीत जे पाहिले ते मार्टिनने आपल्या टिपणांत नोंदवून ठेविले आहे. डामडौल नाही, बायकांचा लवाजमा नाही, सामानसुमानाचे ओझे नाही, आणि तंबू अवघे दोन, तेही लहान व साध्या कापडाचे; एक महाराजांचा, दुसरा प्रधानाचा. एका परक्या व्यापाऱ्याने, कोणाची स्तुती करण्याचे कारण नसताना, केलेली ही नोंद आहे.

आता उजव्या फाट्याकडे वळू. जिंजीच्या किल्ल्यात राजाराम महाराज मोगलांच्या वेढ्यास तोंड देत असता, १६९७ साली, कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. शिवचरित्राच्या बखरींतील ती आद्य आणि सर्वांत विश्वसनीय बखर होय. म्हणजे एकाच पुरुषाविषयीची दोन समकालीन लिखाणे, एक मराठीत व एक फ्रेंचमध्ये, सत्तर किलोमीटरांच्या टापूत तयार झाली. सभासद लिहीत होता तेव्हा मार्टिन पाँडिचेरीत नव्हता. डचांनी १६९३ त गाव घेऊन त्याला बाहेर काढले होते, आणि तो परतला १६९९ साली. तथापि तो तेथे असता तरी एकाचे लिखाण दुसऱ्यास वाचता आले नसते. मार्टिनची टिपणे पॅरिसच्या दफ्तरात पडून राहिली आणि मुद्रित झाली ती १९३१ ते १९३४ या वर्षांत. अडीचशे वर्षे आमच्या राजाच्या तंबूंची साक्ष आम्हांस न कळणाऱ्या भाषेत बंद होती.

पुढील शतकात मराठे आणि फ्रेंच यांची गाठ वारंवार पडली. १७४० साली रघुजी भोसल्यांनी दमलचेरीच्या घाटात नबाब दोस्तअलीस ठार केले, तेव्हा त्याचे कुटुंब पाँडिचेरीच्या आश्रयास गेले. रघुजींनी त्यांची मागणी केली आणि गव्हर्नर द्युमा याने ती साफ नाकारली. या वादाचा शेवट द्युमाने पाठविलेल्या मद्याच्या बाटल्या रघुजींच्या पत्नीस आवडल्यामुळे गोडीने झाला अशी कथा इंग्रज इतिहासकार रंगवून सांगतात. ती कितपत घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. १७६० त वांदिवाशच्या रणात मुराररावांचे मराठे स्वार फ्रेंचांच्या बाजूस होते. आणि पानिपतावर आमचा घात झाला त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरीही इंग्रजांच्या हाती पडली. डुप्लेचा प्रसिद्ध दुभाषी आनंदरंग पिळ्ळै हाही त्याच महिन्यात वारला. त्याने पंचवीस वर्षे तमिळमध्ये लिहिलेली रोजनिशी ज्यांनी चाळली असेल त्यांस ठाऊक आहे की, दोन भाषांच्या मध्ये उभा राहिलेला माणूस किती पाहू शकतो, आणि दोन्ही बाजूंना त्याच्यावाचून किती थोडे दिसते.

पुण्यास असा माणूस हवा होता. १७७७ साली सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरून पुण्यास आला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून दरबारात दाखल झाला. नाना फडणविसांनी त्याचा मोठा सन्मान केला. युरोपीय सैनिक आणतो, पलटणी कवाइतीत तयार करून देतो, दारूगोळा पुरवितो, असे त्याचे बोलणे होते. बदल्यात कोकणकिनाऱ्यावर बंदर हवे होते. इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच होता. तो अस्वस्थ झाला, मुंबई अस्वस्थ झाली, कलकत्त्यासही खबर गेली, आणि इंग्रजांच्या युद्धाच्या तयारीस एक चांगले निमित्त मिळाले. ल्यूबिनला फ्रान्सच्या आरमारमंत्र्याने पाठविले होते हे खरे, पण त्याने दिलेल्या वचनांची पाठराखण करणारे कोणी नव्हते. १७७८ मध्ये त्याला निरोप देण्यात आला. सैनिक आले नाहीत, इंग्रज मात्र आले. वडगावचा प्रसंग पुढल्याच जानेवारीतला.

नानांनी हा मनुष्य इंग्रजांस दाखविण्यापुरता बुजगावण्यासारखा वापरला, असे काही अभ्यासक म्हणतात. नानांची बुद्धी पाहता ते अशक्य नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. बुजगावणे आहे की माणूस, हे जवळ जाऊन पाहण्याचे साधन पुण्यास नव्हते. पेशव्यांच्या दरबारी फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस होता. दिल्ली-हैदराबादचा कागद आला की त्यातील मायना, शिक्का आणि शब्दांमागचा हेतू हे सारे उलगडणारी पिढीजात माणसे होती. पारसनीस हे आडनाव आपल्यात आजही आहे. फ्रेंचनीस असे आडनाव कोणी ऐकले आहे काय? ल्यूबिनच्या सनदेत काय आहे आणि काय नाही, फ्रान्सच्या दरबारात कोणाचे चालते, राजा व मंत्री यांच्या अधिकारांची वाटणी कशी आहे, हे भाषेखेरीज कळण्यासारखे नव्हते, आणि नुसत्या भाषेनेही कळले नसते.

ज्या वर्षी ल्यूबिन पुण्यास आला त्याच वर्षी तंजावरास सरफोजीराजे जन्मले. मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन यांचे ग्रंथ त्यांनी जमविले, आणि ते आजही सरस्वती महालात त्यांच्या स्वाक्षरीसह पाहावयास मिळतात. पुण्यास जे नव्हते ते येथे भरपूर होते. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. युरोपच्या इतक्या भाषा ज्याच्या कपाटात होत्या, त्याला युरोपातल्या कोणत्याही दरबारास राजा या नात्याने पत्र लिहिण्याची सोय उरली नव्हती. सरस्वती महालात आम्ही दोनदा गेलो. ताडपत्रे पाहून आनंद वाटला. त्या विदेशी ग्रंथांच्या कपाटापुढे मात्र मन थोडे उदास झाले.

जाता जाता एक सांगून टाकावे. आमच्या भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहासही प्रथम फ्रेंचमध्येच लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ पॅरिसला १९२० साली छापून निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर केले ते १९४१ साली.

भाषा व राज्यशास्त्र ही दोन्ही एकाच विद्यार्थ्याने, एकाच विद्यापीठात, हेतुपूर्वक अभ्यासल्याचे आम्हांस सुचणारे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्र व इतिहास यांची त्यात रेलचेल, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम, आणि प्रारंभिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. अमेरिकेत त्या काळी डॉक्टर पदवीच्या उमेदवारास या दोन भाषा वाचता येणे अगत्याचे मानीत. एकाच अभ्यासक्रमाने कोणी पंडित होत नाही, हे आम्ही जाणतो. पण स्वातंत्र्य, समता, बंधुता ही फ्रेंच क्रांतीची त्रयी पुढे ज्यांच्या अध्यक्षतेखाली घडलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत आली, ते गृहस्थ ती ऐकीव शब्द म्हणून वापरीत नव्हते. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की हे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतले आहे. असे सांगण्याचा अधिकार दोन्ही घरे पाहिलेल्या माणसालाच पोहोचतो.

ते भाषण झाले त्याच महिन्यात पाँडिचेरीचा प्रश्न सुटत होता. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे लोकप्रतिनिधींनी मतदान केले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याचा कौल दिला. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, २८ मे १९५६ रोजी करार झाला, आणि फ्रान्सच्या संसदेची मान्यता मिळून तो अमलात आला १६ ऑगस्ट १९६२ रोजी. या कराराच्या २८ व्या कलमाने फ्रेंच भाषा तेथे राजभाषा म्हणून राहिली, मात्र लोकांचे निवडलेले प्रतिनिधी निराळे ठरवीत नाहीत तोपर्यंतच. नागरिकत्वाची कलमे त्याहून बारीक होती. जो तेथला रहिवासी मुदतीत लेखी निवेदन करून फ्रेंच राहण्याची इच्छा व्यक्त करील तो फ्रेंच राहिला. जो गप्प बसला तो भारतीय झाला. त्या निवेदनांमुळे आज पुदुच्चेरीच्या काही गल्ल्यांतून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी तमिळ मतदार मतदानाला निघतात. एका कागदाने घराघरांतून भावाभावांची राष्ट्रे निराळी केली. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास याहून जिवंत धडा कोठे मिळेल, आणि फ्रेंच येत नसेल तर तो तेथील वृद्धांच्या तोंडून कसा ऐकता येईल?

स्नेह्यांना हे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. "गुण तर चांगलेच पडले," एवढेच म्हणाले. मुलीने मात्र मार्टिनच्या टिपणांचा तो खंड मिळवून वाचावयास घेतला.

गेल्या पोंगलच्या सुटीत आम्ही सारे त्यांच्या मोटारीने जिंजीस निघालो. मराठ्यांच्या इतर अकरा दुर्गांबरोबर जिंजीस २०२५ साली जागतिक वारशात स्थान मिळाल्यापासून तेथे जाण्याची टूम निघाली आहे. तिंडिवनमच्या फाट्यावर गाडी उजवीकडे वळली, तेव्हा मागच्या आसनावरून ती जर्मेनने पाहिलेल्या छावणीचा मजकूर मराठीत वाचून दाखवीत होती. तंबूंच्या कापडापाशी अडली. फ्रेंच शब्द कळला होता, मराठी सुचेना. वडिलांनी "खादीचे" म्हटले, ते तिला पटले नाही. "जाडेभरडे म्हण की," तिची आई म्हणाली. मुलीने वहीत तसे लिहिले आणि पुढची ओळ वाचू लागली. समोर राजगिरीचा माथा दिसू लागला होता.