सूर्याकडे पाठ की सूर्याकडे तोंड?

दिवाळीची सुट्टी लागली, की महाड-पोलादपूरकडची मंडळी समुद्राची वाट धरतात. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा घाटावरचा फिटर असो, दूरच्या प्रांतातून पोटासाठी आलेला मजूर असो, की बाजारपेठेतला पिढीजात दुकानदार असो. फराळाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, आजी आणि नातवंडे असा सारा संसार गाडीत बसवून गोरेगाव, म्हसळा करीत श्रीवर्धन नाहीतर हरिहरेश्वर गाठावयाचे, हा आता जणू सणाचाच एक भाग झाला आहे. पोरे पाण्यात भिजतात, बायका वाळूत बसून चकल्या वाटतात, आणि सूर्य कलला की खिशाखिशांतून मोबाइल बाहेर येतात.

मग सुरू होतो तो सोहळा पाहण्यासारखा असतो. सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून ओळीने उभे करतात. कोणी हाताच्या ओंजळीत सूर्य धरल्याचा देखावा करतो. कोणी पोराला उंच उडी मारावयास सांगतो. नवी जोडपी एकमेकांकडे पाहत उभी राहतात. “आजी, हस की गं!” असा पुकारा होतो आणि आजी बिचारी हसते. घरी येऊन पाहावे, तर सूर्य झकास आलेला, लाटांवर सोने सांडलेले, आणि आजी मात्र कोळशासारखी काळी! ती हसली होती, याला आता पुरावा नाही.

हे असे का होते, आणि फोटोसाठी आपण जसे उभे राहतो तसे का उभे राहतो, याचा शोध घेऊ लागले तर पावणेदोनशे वर्षांमागे जावे लागते. त्या इतिहासात मौज आहे आणि थोडा बोधही आहे.

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली, पॅरिसमध्ये. दागेर याच्या त्या पहिल्या पद्धतीत चित्र उमटावयास प्रारंभी कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ झाड उभे राहील. माणूस कसा राहणार? पुढे हा वेळ कमी होत सेकंदांवर आला, तरी डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावण्याची चाल पुष्कळ वर्षे टिकली. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेले पणजोबा आठवावेत: एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा काठीवर, नजर समोर आणि चेहऱ्यावर हास्याचा मागमूस नाही. ते कठोर होते म्हणून तसे दिसतात असे नव्हे. खुर्ची आणि काठी हाताला आधार देत, आणि हसू तेवढा वेळ चेहऱ्यावर टिकवून धरणे अवघड असे. म्हणजे जी ऐट वाटते, ती मुळात अडचण होती. अडचणीची रीत झाली, रीतीची प्रतिष्ठा झाली, आणि काच जलद झाल्यावरही माणसे तशीच ताठ बसत राहिली.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग सुरू झाला आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत धंदाही मांडला. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर द्रव ओतावयाचा, ती ओली आहे तोवर चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वीच धुवावयाचे. बाहेरगावी जावयाचे तर काळोख्या खोलीच्या जागी तंबू बरोबर न्यावा लागे. अशा सरंजामानिशी समुद्रकाठी कुटुंबे कोठून जाणार?

म्हणून युक्ती निघाली. माणूस समुद्रावर जात नाही, तर समुद्रच माणसामागे आणावा! विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या चित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसांची चित्रे घेतली स्टुडिओत, आणि मग ती कापून निराळ्याच देखाव्यांवर चिकटवली. पुढे गावोगावच्या स्टुडिओंतून रंगविलेले पडदे आले. त्यांवर नारळीची झाडे, संगमरवरी कठडा, तळे आणि डोंगराआड जाणारा सूर्य असे. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या तंबूतही असला पडदा हमखास असे. समुद्रावर पाऊल न ठेवलेल्या कितीतरी जोडप्यांचे समुद्रकाठचे फोटो त्या पडद्यांनी करून दिले.

महाडला समुद्र नाही, हे तरी कोठे पूर्ण खरे आहे? महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटाच्या खाडीतून समुद्राला मिळते. आणि त्याच खाडीने भरतीचे पाणी आत शिरते. याच वाटेने पूर्वी पडाव दासगाव-महाडपर्यंत माल आणीत. समुद्र असा गावाच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. त्याच्या काठचा सूर्यास्त तेवढा फोटोत येत नव्हता.

तो का येत नव्हता, याचे कारण रसायनात आहे. त्या जुन्या काचांना निळा रंग झटकन कळे; तांबडा जवळजवळ कळतच नसे. म्हणून निळे आकाश पांढरेफटक उमटे आणि सवाष्णीच्या कपाळावरचे लाल कुंकू काळे दिसे. मावळतीचा सारा साज तांबड्या-केशरी रंगाचा! सूर्य क्षितिजाजवळ आला की त्याच्या किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. त्यात निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. नेमका तोच त्या काचेला दिसत नसे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची अप्रतिम चित्रे घेतली. परंतु त्यांतल्या काहींसाठी समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन काचा घेऊन त्यांचे ठसे एकत्र जुळवावे लागले. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ आकाशात पसरून पुढे कित्येक महिने जगभर रक्तवर्णी संध्याकाळी दिसू लागल्या. तेव्हा त्या रंगांची नोंद ठेवावयास लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार नदीकाठी खडू घेऊन बसला आणि त्याने पाचशेंहून अधिक चित्रे काढली. कॅमेरा होता; पण रंगांपुढे तो आंधळा होता.

त्याला दृष्टी आली ती हळूहळू. १८७३ साली जर्मन शास्त्रज्ञ फोगेल याने काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, की तिला हिरवा-पिवळाही कळू लागतो हे दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी तांबड्यालाही दाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या. आणि १९३५-३६ साली कोडॅक व आग्फा यांच्या रंगीत फिल्म निघाल्या. इकडे कॅमेराही लहान होत गेला. १९०० साली अमेरिकेत एका डॉलरला मिळू लागलेल्या ब्राउनी पेटीने फोटो काढणे पोरांचाही खेळ करून टाकला. आपल्याकडे पुढे बडोद्यास बनू लागलेला आग्फाचा क्लिक-३ पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून आला. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटोपूर्वी घरात विचारविनिमय होई, आणि बारावा फोटो कोणाचा यावर रुसवेफुगवेही होत!

या साध्या कॅमेऱ्यांचा एक नियम होता: सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा. म्हणजे ऊन समोरच्यांच्या तोंडावर पडेल. त्या नियमाने आमच्या अल्बमातली निम्मी मंडळी डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी आहेत. पण चेहरे स्पष्ट आहेत. मोबाइल आला तसा रोलचा खर्च गेला, बाराची मर्यादा गेली, आणि तो नियमही गेला. आता सूर्य हवा, म्हणून माणसे सूर्याकडे पाठ करून उभी राहतात. कॅमेऱ्याने लखलखीत आकाश सांभाळावयाचे म्हटले, की पुढची माणसे काळी पडणारच.

काळ्या आकृतीतही सौंदर्य असते, हे मी नाकारीत नाही. कॅमेऱ्याच्या आधी युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची कड कापून देण्याची कला होती; रंगीत तसबीर ज्याला परवडत नसे तो ही स्वस्त छायाकृती करून घेई. सिलुएट हे तिचे नाव पडले एत्येन द सिलुएट या फ्रान्सच्या अर्थमंत्र्यावरून. १७५९ साली त्याने काटकसरीचा असा बडगा उगारला, की जे जे स्वस्त आणि अपुरे ते ते त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले! मावळतीचा आपला फोटो हा त्याच जातीचा आहे. त्यात माणसाची कड येते. माणूस येत नाही.

याचे मोल मला कळले ते २०२१ साली. त्या जुलैच्या २२ तारखेच्या रात्री सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसे गेली. पूर ओसरल्यावर एका परिचित घरी गेलो होतो. दाराशी चिखल उपसून ठेवलेला, धान्याची पोती कुजलेली, आणि घरातली वडील बाई ओसरीवर बसून एक भिजलेला अल्बम उलगडीत होती. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि सुकताना शेजारच्या फोटोला चिकटून बसतो. म्हणून अल्बम तसाच उन्हात न टाकता, तो ओला आहे तोवरच स्वच्छ पाण्यात एकेक फोटो अलगद सोडवावा लागतो. त्या बाई तेच करीत होत्या. समुद्रावरचा एक सुंदर फोटो सुटून हाती आला. सूर्य, लाटा, पाच काळ्या आकृती. त्यांनी तो क्षणभर पाहिला आणि बाजूला ठेवला. मग एक जुना, पिवळट, साधा फोटो निघाला. अंगणात उभे असलेले त्यांचे यजमान. उन्हाने डोळे बारीक केलेले. तो त्यांनी पदराने टिपला आणि पुष्कळ वेळ हातात धरून बसल्या.

सूर्य रोज मावळतो आणि रोज उगवतो. अल्बमात आपण शोधतो ते त्याला नव्हे.

तेव्हा यंदा समुद्रावर जाल, तर थोडी व्यवस्था आधीच करावी. कोकणातले जुने गणित असे, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पुऱ्या भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन मावळतीला भरती. त्या दिवशी हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर किंवा खडकांवर फोटोच्या मोहाने मुळीच जाऊ नये. लाटेला आपल्या फोटोची पर्वा नसते. उलट अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत संध्याकाळी ओहोटी असते. पुळण दूरवर उघडी पडते आणि ओल्या वाळूचा आरसा होतो.

सूर्य बुडण्यापूर्वी अर्धा तास पहिला फोटो घ्यावा. मंडळींना समुद्राकडे पाठ न करता किनाऱ्याला समांतर, चालत ठेवावे. ऊन बाजूने येते; गालांवर सोनेरी कड चढते आणि डोळे मिचकावे लागत नाहीत. चालणाऱ्या माणसाला हातांचे काय करावे हा प्रश्नही पडत नाही. सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत आपल्याकडे अडीच मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात हौसेच्या काळ्या आकृती उरकून घ्याव्यात. माणसांमध्ये अंतर ठेवावे, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच डोंगर दिसतो. चेहरा बाजूने ठेवावा, म्हणजे नाकाची कड ओळखू येते. आणि क्षितिजाची रेघ कोणाच्या मानेतून जाऊ देऊ नये.

यानंतर बहुतेक मंडळी चपला शोधू लागतात. खरी वेळ तर आता असते. सूर्य गेला तरी पश्चिम बराच वेळ उजळलेली राहते; तो मऊ, गुलाबी प्रकाश समोरून तोंडावर घेतला तर सुरकुत्याही सुंदर दिसतात. आता फोटो काढणाऱ्याने समुद्राकडे पाठ करावी आणि साऱ्या घराला समुद्राकडे तोंड करून बसवावे. आजीला मधोमध, वाळूत नको, घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर. तिच्या पायांशी नातवंडे. मग मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन फोटो काढणाऱ्यानेही पळत येऊन कडेला बसावे, कारण प्रत्येक घराच्या अल्बमात एक माणूस नेहमी गैरहजर असतो. घरी आल्यावर या एका फोटोची प्रत कागदावर काढून घ्यावी आणि मागे नावे व तारीख लिहावी.

त्या फोटोत सूर्य नसेल. पण आजी हसली होती, हे पुढच्यांना दिसेल.