तेरचा लामतुरे-संग्रह : गृहसंग्रहाच्या रक्षणाचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून भडोचला कापड जात असे, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. त्याच्या पांढरीच्या टेकाडांतून मिळालेली नाणी, मणी व मृण्मूर्ती कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवून घरी जतन केल्या. एरव्ही त्या विखुरल्याच असत्या.

अशा संग्रहाचा विमा उतरविला, तरी त्यातून रक्कम मिळेल, वस्तू नव्हे. संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे निकटचे साम्य १९३८ मध्ये पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे. तिची भरपाई कोणत्या बाजारभावाने व्हावी? शिवाय हस्तिदंताला चोराइतकेच भय हवेतील ओलाव्याच्या चढउताराचे. त्याने तो तडकतो, आणि तेथे कुलूप निरुपयोगी ठरते.

तथापि याहून मोठी हानी वस्तू घरात येण्यापूर्वीच झालेली असते. ती कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात होती, याची नोंद नसल्यास काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो. चापेकर यांच्या १९५८ मधील उत्खननाचे महत्त्व यातच आहे : स्तरबद्ध पुराव्याशी ताडून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या अधिनियमाने खाजगी मालकांनाही ठराविक वस्तूंची छायाचित्रांसह नोंदणी बंधनकारक केली; विम्याच्या दाव्यालाही आधार अशाच नोंदीचा. लामतुरे-संग्रह पुढे शासनाकडे सोपविण्यात आला आणि त्याचे संग्रहालय तेर येथेच झाले.