जे-१ व्हिसा : जाण्याआधीच परतीचा विचार

अमेरिकेला जाण्याचा विषय निघाला, की मध्यमवर्गीय घरातील चर्चा बहुधा दोन व्हिसांभोवती फिरते. शिक्षणासाठी 'एफ-१' आणि नोकरीसाठी 'एच-१बी'. या दोहोंइतका बोलबाला नसलेला 'जे-१' हा तिसरा व्हिसाही दरवर्षी अनेक भारतीयांच्या पासपोर्टवर उमटतो. पीएच.डी.नंतर अमेरिकी विद्यापीठात संशोधनासाठी जाणारे शास्त्रज्ञ, तेथील रुग्णालयांत रेसिडेन्सी करणारे डॉक्टर, फुलब्राइट शिष्यवृत्तीचे मानकरी, एखाद्या सत्रापुरते जाणारे विद्यार्थी आणि हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेऊन प्रशिक्षणार्थी म्हणून निघालेले तरुण यांचा मार्ग प्रामुख्याने याच व्हिसातून जातो. तथापि या व्हिसाला परतीची एक अट जोडलेली असू शकते. ती कोणाला लागू होते आणि कोणाला नाही, हे विमानात बसण्यापूर्वी समजून घेतले नाही, तर पुढे नोकरीची वा स्थायिक होण्याची संधी चालून आली असता तीच अट आडवी येते.

देवाणघेवाणीचा कायदा

जे-१ व्हिसाचा पाया १९६१ च्या 'म्युच्युअल एज्युकेशनल अँड कल्चरल एक्स्चेंज अॅक्ट' या कायद्यात आहे. फुलब्राइट-हेज कायदा या नावानेही तो ओळखला जातो. परदेशी नागरिकांनी अमेरिकेत यावे, शिकावे वा शिकवावे, तेथील समाज जवळून पाहावा आणि मिळविलेले ज्ञान मायदेशी न्यावे, ही या कायद्यामागील कल्पना. म्हणूनच या व्हिसाधारकास कायद्याच्या भाषेत विद्यार्थी किंवा कर्मचारी न म्हणता 'एक्स्चेंज व्हिजिटर', म्हणजे देवाणघेवाणीसाठी आलेला पाहुणा, असे म्हटले जाते. या योजनेचा कारभार अमेरिकेचे परराष्ट्र खाते पाहते.

भारताच्या संदर्भात या देवाणघेवाणीची परंपरा त्याहूनही जुनी आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या करारातून भारतात फुलब्राइट कार्यक्रम सुरू झाला. २००८ मध्ये नवा करार होऊन भारत त्यात समान भागीदार बनला आणि शिष्यवृत्तीला 'फुलब्राइट-नेहरू' असे नाव मिळाले. 'युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन' ही संस्था तिचे काम पाहते. तिचे एक विभागीय कार्यालय मुंबईत आहे.

आधी प्रायोजक, मग दूतावास

जे-१ व्हिसासाठी थेट अमेरिकी वाणिज्य दूतावासात जाऊन अर्ज करता येत नाही. प्रथम प्रायोजक संस्थेने उमेदवाराची निवड करावी लागते. विद्यापीठे, संशोधन संस्था, शासकीय यंत्रणा आणि काही खासगी संस्था यांना परराष्ट्र खाते प्रायोजक म्हणून मान्यता देते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी या खात्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. एखादा दलाल अमेरिकेतील हॉटेलात प्रशिक्षणाची हमी देत असेल, तर त्याने सांगितलेल्या प्रायोजकाचे नाव या यादीत आहे काय, हे पाहणे ही पहिली पायरी होय.

उमेदवाराची पात्रता, इंग्रजीचे ज्ञान आणि आर्थिक तरतूद यांची खातरजमा केल्यानंतर प्रायोजक संस्था 'डीएस-२०१९' हा दस्तऐवज देते. हा कागद म्हणजे जे-१ व्हिसाचा आत्मा होय. कार्यक्रमाचा प्रकार, विषय, आरंभ आणि समाप्तीच्या तारखा, तसेच खर्चाचा पैसा कोठून येणार, हे सारे त्यावर नमूद असते. स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक रकाना वाचावा. विशेषतः प्रकार आणि निधीचा स्रोत हे दोन रकाने पुढील अनेक वर्षांवर परिणाम करणारे असतात.

प्रकार कोणता?

जे-१ व्हिसाच्या छत्राखाली अनेक प्रकार येतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते. 'शॉर्ट टर्म स्कॉलर' या प्रकारात जास्तीत जास्त सहा महिने राहता येते आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. 'रिसर्च स्कॉलर' आणि 'प्रोफेसर' यांना पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. मात्र येथे एक खाचखळगा आहे. रिसर्च स्कॉलर म्हणून गेलेली व्यक्ती काम आटोपून लवकर परतली आणि तिचा कार्यक्रम संपला, तर पुढील २४ महिने तिला याच दोन प्रकारांत पुन्हा जाता येत नाही. चार महिन्यांच्या भेटीसाठी रिसर्च स्कॉलर हा प्रकार स्वीकारला आणि वर्षभरात त्याच प्रयोगशाळेने दीर्घ मुदतीसाठी बोलावले, तर ही अट अडसर ठरते. अल्पकाळच जावयाचे असेल, तर शॉर्ट टर्म स्कॉलर या प्रकाराविषयी विद्यापीठाकडे आधीच विचारणा करणे हिताचे.

'इंटर्न' हा प्रकार परदेशात उच्च शिक्षण घेत असलेल्या किंवा पदवी मिळून १२ महिन्यांहून अधिक काळ न लोटलेल्या उमेदवारांसाठी असून त्याची कमाल मुदत १२ महिने आहे. 'ट्रेनी' होण्यासाठी पदवी वा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्यानंतरचा किमान एक वर्षाचा संबंधित अनुभव अमेरिकेबाहेर मिळविलेला असावा लागतो. पदवी नसल्यास पाच वर्षांचा अनुभव लागतो. ट्रेनीची मुदत साधारणपणे १८ महिन्यांपर्यंत असते, परंतु हॉटेल व पर्यटन क्षेत्रात ती १२ महिन्यांवर थांबते. या दोन्ही प्रकारांत 'डीएस-७००२' हा प्रशिक्षण आराखडा बंधनकारक आहे. प्रशिक्षणार्थ्यास कोणत्या टप्प्यावर काय शिकविले जाईल आणि देखरेख कोण करील, हे त्यात लिहिलेले असते. स्थानिक कर्मचाऱ्याच्या जागी प्रशिक्षणार्थी राबविण्यास नियमांनी मनाई केली आहे. बारा महिने केवळ खोल्या आवरण्याचे काम देणारा आराखडा हे प्रशिक्षण नव्हे, हे उमेदवारानेही ओळखावयास हवे.

डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसाठी 'ईसीएफएमजी' या संस्थेचे प्रायोजकत्व लागते. त्यासाठी इतर कागदपत्रांबरोबर मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्रही सादर करावे लागते. संबंधित विषयातील तज्ज्ञांची देशाला गरज आहे आणि प्रशिक्षणानंतर परतण्याचे डॉक्टरने लेखी मान्य केले आहे, असा त्या पत्राचा आशय असतो.

दोन वर्षांची अट

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१२ (ई) ही या व्हिसाची सर्वांत महत्त्वाची बाजू होय. हे कलम लागू झालेल्या व्यक्तीने कार्यक्रम संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षे वास्तव्य केल्याखेरीज तिला एच वा एल गटातील नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळू शकत नाही. ही दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही, तुकड्यातुकड्यांतील वास्तव्याची बेरीज चालते. पर्यटक म्हणून किंवा विद्यार्थी म्हणून पुन्हा व्हिसा मागण्यास या कलमाची आडकाठी नसते.

कलम लागू होण्याची कारणे तीन. पहिले, कार्यक्रमाचा खर्च पूर्णतः वा अंशतः अमेरिकी सरकारने किंवा मायदेशाच्या सरकारने देवाणघेवाणीसाठी केलेला असणे. दुसरे, उमेदवाराचा विषय त्याच्या देशापुरता 'स्किल्स लिस्ट' या यादीत असणे. तिसरे, वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी अमेरिकेत जाणे.

यांतील दुसऱ्या कारणाबाबत भारतीयांच्या दृष्टीने मोठा बदल झाला आहे. २००९ च्या यादीत भारताचा समावेश होता. अभियांत्रिकीपासून जीवशास्त्रापर्यंत असंख्य विषयांतील भारतीय संशोधक त्यामुळे या अटीत अडकत. ९ डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या सुधारित यादीतून भारताला वगळण्यात आले. हा बदल पूर्वलक्षी आहे. म्हणजे पूर्वी केवळ विषयामुळे जे अटीत सापडले होते, तेही आता तिच्यातून मुक्त झाले आहेत.

मात्र 'भारतीयांना आता ही अट नाही' असा जो सरसकट निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीधारक सरकारी निधीमुळे आणि रेसिडेन्सीला जाणारे डॉक्टर प्रशिक्षणाच्या स्वरूपामुळे आजही या अटीने बांधलेले आहेत. भारत सरकारच्या पैशातून देवाणघेवाणीसाठी जाणाऱ्यांनाही ती लागू होऊ शकते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतून वेतन मिळणे आणि देवाणघेवाणीच्या हेतूने दिलेला सरकारी निधी स्वीकारणे यांत फरक आहे. तो प्रत्येक प्रकरणात तपासावा लागतो. व्हिसावर किंवा डीएस-२०१९ वर दूतावासातील अधिकारी अटीविषयी शेरा मारतात, पण तो प्राथमिक स्वरूपाचा असतो. शंका असल्यास परराष्ट्र खात्याकडून या प्रश्नावर 'अॅडव्हायझरी ओपिनियन' मागविता येते.

अटीतून सूट मागण्याचे मार्गही आहेत. मायदेशाच्या सरकारने हरकत नसल्याचे कळविणे, अमेरिकी शासकीय यंत्रणेने शिफारस करणे, मायदेशात छळाची भीती असणे, अमेरिकी नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती, पत्नी वा अपत्यास असाधारण हाल सोसावे लागणे, ही त्याची कारणे होत. भारतीय अर्जदारांस पहिल्या मार्गासाठी 'नोरी' या संक्षेपाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र, म्हणजे भारतात परतण्याचे बंधन नसल्याचा दाखला, मिळवावा लागतो. त्यानंतर वॉशिंग्टन येथील भारतीय दूतावास आपले पत्र थेट परराष्ट्र खात्याकडे पाठवितो. रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरांना हरकत नसल्याच्या पत्राचा मार्ग बंद आहे. सूट हा हक्क नव्हे, आणि मिळेलच असे गृहीत धरून घर, लग्न वा नोकरीचे बेत आखणे जोखमीचे ठरते.

शुल्क आणि अर्ज

डीएस-२०१९ हाती आल्यावर 'सेव्हिस' शुल्क भरावे लागते. बहुतेक प्रकारांसाठी ते २२० डॉलर आहे. त्यानंतर 'डीएस-१६०' हा अर्ज ऑनलाइन भरून १८५ डॉलर व्हिसा शुल्क भरावयाचे आणि मुलाखतीची वेळ घ्यावयाची. व्हिसा नाकारला गेला, तरी हे शुल्क परत मिळत नाही. अमेरिकी सरकारचे प्रायोजकत्व असलेल्या फुलब्राइटसारख्या कार्यक्रमांना या दोन्ही शुल्कांतून सवलत असते. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या 'व्हिसा इंटिग्रिटी फी'चीही तरतूद आहे. त्यामुळे खर्चाचा हिशेब करताना दूतावासाच्या संकेतस्थळावरील त्या दिवशीचे दर पाहावेत.

डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने एफ, एम आणि जे गटांतील सर्व अर्जदारांना आपली ही खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या वा वास्तव्याच्या देशातूनच मुलाखत द्यावी, असेही धोरण आले. भारतातील तारखा लांबल्या की शेजारच्या देशात जाऊन मुलाखत देण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे.

मुलाखतीत काय तपासतात?

मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखतीस जाताना पासपोर्ट, डीएस-१६० ची पोच, स्वाक्षरी केलेला डीएस-२०१९, सेव्हिस शुल्काची पावती आणि इंटर्न वा ट्रेनी असल्यास डीएस-७००२ सोबत असावा. प्रश्नोत्तरे सहसा काही मिनिटांतच आटोपतात. अर्जदार कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे, असे कलम २१४ (बी) गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. म्हणूनच काय शिकणार, खर्च कोण करणार आणि परतल्यावर त्याचा उपयोग काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पाठ केलेली नव्हे, तर खरी असावीत. संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांत अधिक छाननीसाठी निर्णय लांबणीवर पडू शकतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या आरंभापूर्वी पुरेसा अवधी राखावा आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी नोकरीचा राजीनामा देऊ नये.

विमा आणि कुटुंब

जे-१ व्हिसाधारकास आरोग्य विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान एक लाख डॉलर, वैद्यकीय कारणास्तव मायदेशी हलविण्यासाठी ५० हजार डॉलर आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठविण्यासाठी २५ हजार डॉलर इतके संरक्षण हवे. पती वा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना जे-२ व्हिसा मिळतो आणि विम्याची सक्ती त्यांनाही असते. जे-२ वरील जोडीदार स्वतंत्र परवाना घेऊन नोकरी करू शकतो, ही या व्हिसाची जमेची बाजू होय. मात्र मुख्य व्हिसाधारकास दोन वर्षांची अट असल्यास ती जे-२ वरील कुटुंबीयांनाही चिकटते.

कार्यक्रमाच्या आरंभापूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही. तो संपल्यावर निघण्याच्या तयारीसाठी ३० दिवस मिळतात, पण त्या काळात काम करता येत नाही. मायदेशी परतल्यावर सर्व डीएस-२०१९ च्या प्रती पासपोर्टइतक्याच जपून ठेवाव्यात. सूट मागावयाची वेळ आली, तर दहा वर्षांपूर्वीच्या प्रतीही मागितल्या जातात.