अध्यापनशास्त्रातील संशोधन : थोडा पूर्वेतिहास व थोडा स्वानुभव

गतवर्षी आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात पनवेल येथील एका भगिनीस शिक्षणशास्त्रातील पीएच.डी. पदवी मिळाल्याबद्दल शाल व श्रीफळ देऊन गौरविण्यात आले. समारंभ आटोपल्यावर चहापानाच्या वेळी एका वयोवृद्ध ज्ञातिबांधवांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, डॉक्टरांनी औषधांचे संशोधन करावे, इंजिनियरांनी यंत्रांचे करावे. मास्तरणीने कसले संशोधन करायचे? फळा तोच, खडू तोच, अन् पाढेही तेच!" प्रश्न थट्टेचा होता व आम्हीही तेव्हा हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. आयुष्याची छत्तीस वर्षे ज्या व्यवसायात घालविली, त्याविषयी इतके साधे उत्तर आपणांस देता येऊ नये ह्याची खंत वाटली. यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा हाच विषय घेण्याचे ठरविले.

आम्ही स्वतः जुने मॅट्रिक. त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

वस्तुतः आपल्या मुलखात शिक्षकांना शिकविणारा पहिला पुरुष हा संशोधकच होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी मराठी पंतोजी तयार करून १८२६ च्या सुमारास त्यांना निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडले खरे. पण शिक्षक घडविण्याचा रीतसर वर्ग, ज्यास नॉर्मल क्लास म्हणत, तो मुंबईस १८४५ साली निघाला आणि त्याचे संचालकत्व आले ते पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांकडे. 'दर्पण'कार म्हणून बाळशास्त्री सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांनी जुने ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहिले, आणि ज्या वर्षी नॉर्मल क्लास सुरू झाला त्याच वर्षी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. दुसऱ्याच वर्षी, १८४६ साली, ते ऐन तारुण्यात निवर्तले व त्यांच्या जागी दादोबा पांडुरंग तर्खडकर आले. ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते ते हेच दादोबा. म्हणजे एक लिपी व इतिहास शोधणारा, दुसरा भाषेचे नियम शोधणारा. अशा दोघांच्या हाताखाली आपले पहिले गुरुजी तयार झाले. शिकविणारा स्वतः काही शोधीत असला पाहिजे, ही समजूत नवी नाही.

पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य कृष्णशास्त्री चिपळूणकर झाले. १८६१ साली 'मराठी शाळापत्रक' हे मासिक निघाले. ते शाळाखात्याचे पत्रक असूनही कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनी त्यातून इतक्या निर्भीडपणे लिहिले की, सरकारास ते रुचले नाही व १८७५ मध्ये ते बंद पडले. खात्याच्या पैशाने खात्याचे दोष दाखविणे तेव्हाही अवघडच होते! असो.

माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली स्थापन झाले. तथापि तेथे शिकवावे कसे एवढेच शिकविले जाई. मूल शिकते कसे, ह्याचा शोध घेण्याची सोय विद्यापीठात नव्हती. ती झाली १९३६ साली. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने एम.एड. ही पदवी सुरू केली, व अशी पदवी सुरू करणारे ते हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ होय. शिक्षणशास्त्रातील पहिली पीएच.डी. ही १९४३ साली मुंबई विद्यापीठानेच दिली. आपले पनवेल ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते त्याचा हा मान आहे, आणि आपल्या भगिनीची पदवी त्याच परंपरेतील होय.

त्या काळच्या एका कामाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. फ्रान्समध्ये बिने नामक मानसशास्त्रज्ञाने मुलांची बुद्धी मोजण्याच्या कसोट्या तयार केल्या होत्या. त्या इकडे आणावयाच्या तर नुसते भाषांतर करून भागणारे नव्हते. परक्या नाण्यांचे हिशेब, परक्या घरातील वस्तू, परक्या शब्दांचे यमक, हे सारे आपल्या मुलापुढे ठेवले तर ते अडखळणारच. आणि मग दोष मुलाच्या बुद्धीचा की प्रश्नाचा, हे कोणी सांगावे? व्ही. व्ही. कामत ह्यांनी ह्या कसोट्या कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बसविल्या, धारवाडकडील मुलांवर त्या वापरून पाहिल्या, कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य हे ठरविले, आणि १९४० साली त्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे 'कामतांच्या कसोट्या' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात रूढ होता. चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही प्रथम हेच उदाहरण देऊ. फळा तोच असतो. पण त्याच्यापुढे बसलेले मूल 'मठ्ठ' आहे असे म्हणण्यापूर्वी आपली मोजपट्टी तपासून पाहणे, हेच ते संशोधन.

संशोधन करणारा निपजला तरी त्यास आधार देणारी व्यवस्था लागते, आणि ती उभी करण्यात जे. पी. नाईक ह्यांचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरकडील बहिरेवाडीच्या ह्या गृहस्थांनी १९४८ साली मुंबईस भारतीय शिक्षण संस्था काढली. ती १९७६ मध्ये पुण्यास गेली. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. अध्यापक महाविद्यालये एकीकडे विद्यापीठाच्या विद्वत्तेपासून तुटलेली आहेत व दुसरीकडे गावच्या शाळेपासूनही तुटलेली आहेत, असे त्या आयोगाने स्पष्ट म्हटले. आणि शिक्षणावरील सरकारी खर्चाचा सुमारे शेकडा एक भाग शैक्षणिक संशोधनास मिळावा असे ध्येय सांगितले. बडोद्याच्या विद्यापीठात प्रा. एम. बी. बुच ह्यांनी देशातील अशा संशोधनांची जंत्री करून १९७४ साली तिचा पहिला खंड प्रसिद्ध केला. झालेल्या कामाची नोंद ठेवणे हेही कामच आहे, हे त्यांनी ओळखले. ह्याची आठवण पुढे पुन्हा होईल.

आता पनवेलकडे वळू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यात शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण संस्था काढण्याची योजना झाली. तिलाच आपण 'डाएट' म्हणतो. रायगडची डाएट अलिबागेस न होता पनवेलास आली, हे आम्हां पनवेलकर शिक्षकांचे भाग्य. तेथूनच 'कृतिसंशोधन' हा शब्द प्राथमिक शिक्षकाच्या कानी पडला. स्वतःच्या वर्गातील एक अडचण निवडावी, तिची कारणे तपासावी, उपाय करावा, फळ मोजावे व लिहून ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हीही एक केले. तेव्हा खाडीकडील एका आगरी वस्तीच्या शाळेत आम्ही दुसरीच्या वर्गास होतो. मुलांची शुद्धलेखनाची वही लाल शाईने भरून जाई. 'पाणी'चे 'पानी', 'शाळा'चे 'शाला', 'घोडा'चा 'घोरा'. पहिली काही वर्षे आम्ही हातावर छड्या दिल्या. हे कबूल करण्यास आज संकोच वाटतो. मग एका सत्रात प्रत्येक चूक वेगळी लिहून तिचे प्रकार पाडले, तेव्हा दिसून आले की पुष्कळशा चुका ह्या चुकाच नव्हत. मूल घरी जसे ऐकत होते तसेच इमानाने लिहीत होते! त्यानंतर आम्ही घरचा शब्द व पुस्तकातील शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहू लागलो, दोन्ही मोठ्याने म्हणवून घेऊ लागलो. घरच्या शब्दास 'अशुद्ध' म्हणणे बंद केले. दिवाळीनंतर वह्यांतील लाल शाई निश्चितपणे उतरली, आणि त्याहून विशेष म्हणजे एरवी गप्प राहणाऱ्या मुली बोलू लागल्या.

त्याचा चाळीस पानांचा अहवाल आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहून एका कार्यालयात सादर केला. प्रमाणपत्र मिळाले. काही वर्षांनी चौकशी केली तेव्हा जुने दप्तर रद्दीत गेल्याचे कळले. आम्ही स्वतः नक्कल ठेवली नव्हती, हा दोष सर्वस्वी आमचा.

पुढे प्रारंभी उल्लेखिलेली भगिनी एके दिवशी आमच्या घरी आली. तिच्या प्रबंधाचा विषय बोलीभाषा व प्राथमिक वाचन ह्यांशी निगडित होता. "गुरुजी, तुमचा अहवाल पाहायला मिळेल का?" असे तिने विचारले. आम्ही आठवणीने तासभर सांगितले. तिने सारे लिहून घेतले, पण जाताना नम्रपणे म्हणाली, "गुरुजी, ह्यातले काही मला प्रबंधात घालता येणार नाही. पुरावा लागतो." ते वाक्य आम्हांस फार लागले, आणि ते सर्वथा योग्य होते.

तिच्याकडूनच आम्हांस हल्लीची व्यवस्था समजली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. म्हणजे मार्गदर्शकास प्रत्येकाकडे लक्ष देता यावे. प्रवेशपरीक्षा व पूर्वाभ्यास असतो. सल्लागार समितीपुढे ठराविक मुदतीने प्रगती मांडावी लागते. स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत व २४० दिवसांपर्यंत प्रसूतीची वा बालसंगोपनाची रजा आहे. नियम चांगले आहेत. परंतु नोकरी, दोन लहान मुले आणि पनवेल ते मुंबई लोकलचा प्रवास हे नियमांत लिहिलेले नसते. मध्येच तिच्या मार्गदर्शक बाई सेवानिवृत्त झाल्या व नवा मार्गदर्शक मिळेतो जवळजवळ वर्ष गेले. तेव्हा ती सोडून देण्याच्या बेतात होती. तिच्या सासूबाईंनी मुले आपल्या खोलीत निजवावयास घेतली आणि "पहाटेचे दोन तास तुझे" असे सांगितले. आमच्या मते विद्यापीठाच्या समितीइतकेच ह्या माउलीनेही त्या प्रबंधाचे व्यवस्थापन केले. परंतु शाल देतेवेळी त्यांचे नाव घेण्याचे राहून गेले, ह्याची चुटपुट वाटते.

आता प्रबंध 'शोधगंगा' ह्या सरकारी संकेतस्थळावर ठेवले जातात व घरबसल्या कोणालाही वाचता येतात. त्यांतील पुष्कळसे इंग्रजीत असल्याने वाडीवरच्या गुरुजीस त्यांचा उपयोग बेताचाच. म्हणून आम्ही तिला प्रबंधाचा मराठी गोषवारा लिहून देण्याची विनंती केली, आणि तिने तीस पानांचा दिलाही.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक अर्ज ठेवला होता. आपल्या ज्ञातीतील शिक्षक-शिक्षिकांनी, सेवेतील असोत वा निवृत्त, केलेल्या प्रबंधांच्या व कृतिसंशोधनांच्या नकला मंडळाच्या वाचनालयात ठेवण्यासाठी एक कपाट मिळावे. कार्यकारिणीने तो मंजूर करून लोखंडी कपाट दिले आहे. किल्ली ग्रंथपालांकडे असते. त्यात तूर्त तीन वस्तू आहेत : उपरोक्त गोषवारा, एका निवृत्त मुख्याध्यापकांचे गळतीविषयीचे टिपण, आणि आमच्या त्या आगरी वस्तीवरील वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या वह्या. त्या त्यांच्या आयांनी ट्रंकेत जपून ठेविल्या होत्या. आमची लाल शाई त्यांत अद्याप वाचता येते.