दुव्यांच्या आडून येणारे आगंतुक

शिर्डीला जायचे ठरले की मुंबई-पुण्याचे कुटुंब प्रथम आंतरजालावर भक्तनिवासातील खोलीचा शोध घेते. शोधयंत्र क्षणार्धात डझनभर दुवे पुढे करते. त्यांपैकी श्रीसाईबाबा संस्थानचे अधिकृत संकेतस्थळ एकच, 'साई डॉट ओआरजी डॉट इन'. उरलेल्यांत प्रवासी कंपन्या असतात, खासगी हॉटेले असतात आणि कधी कधी निव्वळ पैसे उकळण्यासाठी थाटलेली बनावट पानेही असतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तीर्थयात्रेच्या बनावट आरक्षणांबाबत देशभरातील भाविकांना सावध केले होते. त्याच वर्षी नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर देवस्थानच्या नावाने ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा करणाऱ्या बनावट अॅपचे प्रकरण थेट विधिमंडळात गाजले.

अशी पाने शोधाच्या यादीत वर चढतात कशी? काही जण सरळ जाहिरातीचे पैसे मोजतात. दुसरा मार्ग फुकटचा आहे. जिथे लोक आपापसांत बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तरे देतात, तिथे शिरून आपल्या पानाचे दुवे पेरून यायचे. यालाच 'लिंक स्पॅम' म्हणतात. मराठीत त्याला दुव्यांची घुसखोरी म्हणता येईल.

या उद्योगामागचे अर्थकारण १९९८ पासूनचे आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी त्या वर्षी मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे त्या पानाच्या बाजूने पडलेले मत मानले गेले. ज्याला मते अधिक आणि मते देणारे वजनदार, ते पान वर. कल्पना उत्तम होती. पण मताला किंमत आली की बोगस मतदार तयार होतात, हे सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या नगरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. दुवे पेरणारा बहुतेक वेळा वाचकासाठी लिहीतच नसतो. त्याचा खरा वाचक शोधयंत्र असतो. म्हणूनच कांद्याच्या भावावरील चर्चेत एकदम परदेशी औषधांचे किंवा जुगाराचे दुवे अवतरतात आणि त्यांना संदर्भाची काडीमात्र फिकीर नसते.

चर्चांतील जाहिरातबाजी त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील कँटर आणि सिगेल या वकील दांपत्याने एप्रिल १९९४ मध्ये ग्रीन कार्डविषयक आपल्या सेवेची जाहिरात 'यूजनेट'वरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. लोक संतापले, पण असे करता येते आणि त्याला खर्च जवळजवळ येत नाही, हा धडा अनेकांनी गिरवला.

मराठी आंतरजालाला काही काळ लिपीचे कवच लाभले. १९९६ मध्ये सुरू झालेले 'मायबोली', त्यानंतरचे 'मनोगत' आणि २००७ मधील 'मिसळपाव' या संकेतस्थळांवर देवनागरीचा व्यवहार रुळला. देवनागरी मजकुरात रोमन लिपीतील, दुव्यांनी लगडलेला परिच्छेद दिसला की तो परका आहे हे कोणाच्याही ध्यानात येई. मे २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी आली आणि हे कवच पातळ झाले. सुरुवातीचा यांत्रिक मराठी मजकूर लिंग-वचनाच्या चुकांवरून ओळखू येत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सफाईदार मराठी लिहितात. भाषेच्या चुकांवरून घुसखोर ओळखण्याचे दिवस सरले.

बंदोबस्ताचे उपाय अनेक झाले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी 'नोफॉलो' ही खूण स्वीकारली. ज्या दुव्यावर ही खूण असेल त्याचे मत मोजायचे नाही, असा तो संकेत. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये आपल्या सर्व बाह्य दुव्यांना ती लावली. तर्काने पाहता घुसखोरी तिथेच थांबायला हवी होती. ती थांबली नाही, कारण दुवे पेरणारे यंत्र कुठे खूण आहे आणि कुठे नाही हे तपासत बसत नाही. दहा हजार ठिकाणी दुवा टाकायलाही त्याला कष्ट नसतात. शिवाय एखादा माणूस चुकून टिचकी मारतोच.

वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारी 'कॅप्चा' चाचणी ही दुसरी भिंत. तिला हे नाव २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दिले. यंत्राला अडवण्यासाठी ती उभी राहिली, तेव्हा घुसखोरांनी माणसे कामाला लावली. २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिलेल्या वृत्तानुसार भारत, बांगलादेश, चीन आदी देशांतील लोक हजार चाचण्या सोडवण्यासाठी ८० सेंट ते १.२० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ३५ ते ५५ रुपये, घेत होते. हजार वेळा डोळे ताणून मिळणारी ही मजुरी पाहता या व्यवहारात सर्वाधिक नाडला गेलेला कोण, असा प्रश्न पडतो.

प्रत्यक्ष व्यवस्था सांभाळणारे बहुधा नोकरीधंदा करून रात्री वेळ देणारे स्वयंसेवक असतात. त्यांना सर्वांत उपयोगी पडतो तो साधा नियम: नव्या सदस्याच्या पहिल्या काही लेखनात दुवा स्वीकारायचा नाही, किंवा ते लेखन तपासूनच प्रसिद्ध करायचे. नोंदणीच्या अर्जात माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवण्याची युक्तीही चालते. यंत्र तो इमानेइतबारे भरते आणि पकडले जाते. विकिमीडियाची उपद्रवी संकेतस्थळांची सामायिक काळी यादी आहे. तिच्यातील पत्ता मराठी विकिपीडियावरही जतन होत नाही.

मात्र पहिल्या काही लेखनांपुरता नियम हेरून दबा धरणारेही असतात. ते नाव नोंदवतात, चार ठिकाणी 'छान माहिती' असे लिहितात आणि काही महिन्यांनी त्याच जुन्या लेखनात गुपचूप दुवा घुसडतात. त्यासाठी लेखन बदलण्याची मुभा ठरावीक काळानंतर बंद करावी लागते. वाचकांचीही एक चूक नेहमीची आहे. रागाच्या भरात ते घुसखोराचा संपूर्ण मजकूर उद्धृत करून त्याला झापतात. मूळ मजकूर काढला तरी उद्धृतातला दुवा तसाच राहतो. उत्तर न देता व्यवस्थापकांना कळवणे इष्ट.

कठोरपणाचीही किंमत असते. भारतात मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागे असतात. तो पत्ता रोखला तर एका उपद्रवी माणसाबरोबर अकोले-संगमनेरचे निरपराध वाचकही बाहेर राहतात. दुवे सरसकट बंद केले, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पीकसल्ल्याचा दुवा देणारा शेतकरीही घुसखोर ठरतो. आपले पहिलेच लेखन विनाकारण उडालेला माणूस सहसा परत येत नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. स्पॅमसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ त्रासदायक व दिशाभूल करणाऱ्या संदेशांनाही लागू होत असे; ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. नागरिकांच्या अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निर्णय रास्तच होता. तोतयेगिरी करून फसवणूक झाली तर कलम ६६ ड लागू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैशांवरील ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीलाही मनाई आहे, परंतु दुवे पेरणारा परदेशात बसलेला असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीणच. बनावट आरक्षणात पैसे गेले असतील तर १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्यापुरतीच असते.

एक धोका मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी हौसेने आपल्या गावाचे, दिंडीचे वा शाळेचे संकेतस्थळ काढले, चर्चांतून त्याचे दुवे दिले गेले आणि पुढे नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहून गेले. ते नाव मोकळे होताच जुगारवाले विकत घेतात. घुसखोराने काहीच पेरलेले नसते. जुन्या, भल्या माणसाने दिलेला दुवाच आता त्याच्या दारात नेऊन सोडतो. म्हणूनच जुने लेखन सांभाळणाऱ्या संकेतस्थळांना नव्या सदस्यांइतकीच आपल्या जुन्या दुव्यांचीही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते, आणि त्या कामासाठी स्वयंसेवक मिळणे सर्वांत अवघड असते.